एकेक रेणू मोजायचा, तर आधी ब्लँक

प्रश्न असा आहे: "मी एम.एस्सी. बायोटेकला आहे. प्रोजेक्टमध्ये प्लाझ्मातलं एक प्रोटीन मोजायचंय, पण आमच्या एलायझात (अँटीबॉडीने प्रोटीन पकडून रंगावरून मोजायची चाचणी) १० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली प्लेटमधले सगळे वेल, म्हणजे खळगे, ब्लँकसारखेच, म्हणजे प्रोटीन न टाकलेल्या वेलसारखेच दिसतात. गाइड म्हणतात, सिंगल मॉलिक्यूल तंत्र लागेल. खरंच एकच रेणू दिसतो का? आणि दिसत असेल, तर एका रेणूवरून आजार का ओळखत नाहीत?"

दिसतो. गेली सतरा वर्षं मी हेच काम करते आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एकटा रेणू दिसणं ही एक गोष्ट. रक्तासारख्या गजबजलेल्या द्रवात जो दिसला तो आपलाच होता, हे छातीठोकपणे सांगता येणं ही दुसरी. पहिली गोष्ट साध्य होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. दुसरीशी आम्ही अजून रोज झटतो, आणि माझा अंदाज आहे की तुमचा एलायझाही तिथेच अडला आहे.

आधी आकडेमोड करू, कारण ती केल्याशिवाय या विषयात काहीच कळत नाही. तुमच्या प्रोटीनचं वजन २५ किलोडाल्टन धरू. १० पिकोग्रॅम प्रति मिली म्हणजे १०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १ पिकोग्रॅम, ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्यात रेणू किती? जवळजवळ २.४ कोटी. म्हणजे ज्या वेलला तुमचा रीडर रिकामा म्हणतो, त्यात सव्वादोन कोटींहून जास्त रेणू बसलेले आहेत. मग ते दिसत का नाहीत?

एक कारण जागेचं. १९७१ मध्ये एंगव्हाल आणि पर्लमन यांनी एलायझा मांडला तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: पकडलेल्या रेणूवर एन्झाइम बसवायचं आणि ते जो रंग तयार करील तो मोजायचा. पण तो रंग सगळ्या वेलभर पसरतो. चिमूटभर कुंकू वाटीत टाकलं तर पाणी लाल होतं, विहिरीत टाकलं तर कळतही नाही. एकट्या एन्झाइमच्या दृष्टीने १०० मायक्रोलिटरचा वेल म्हणजे विहीर आहे.

हे फार पूर्वी ओळखलं ते बोरिस रोटमन यांनी. १९६१ मध्ये त्यांनी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचं अतिविरल द्रावण सिलिकॉन तेलात फवारून त्याचे बारीक थेंब केले. बहुतेक थेंबांत एन्झाइम नव्हतंच, काहींत एक होतं. ज्यांत एक होतं ते थेंब चमकू लागले, कारण तयार झालेल्या चमकदार पदार्थाला पसरायला जागाच नव्हती. लेझर नाही, डिजिटल कॅमेरा नाही, आणि तरी एका एन्झाइम रेणूचं काम मोजलं गेलं. ही कल्पना मला आजही या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर वाटते. रेणूला मोठं करता येत नाही, पण त्याची खोली लहान करता येते.

आजचा डिजिटल एलायझा म्हणजे तीच कल्पना, फक्त नीटनेटकी केलेली. डेव्हिड वॉल्ट यांच्या गटातून आलेली ही पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे 'सिमोआ' या नावाने यंत्रात आली. २.७ मायक्रॉनचे चुंबकीय मणी असतात, त्यांच्यावर पकडणारी अँटीबॉडी असते. एका नमुन्यात पाच लाखांच्या घरात मणी टाकायचे. मणी इतके आणि रेणू त्याहून कमी, त्यामुळे एका मण्यावर बहुधा एक रेणू येतो किंवा एकही येत नाही. मग दुसरी, ओळखणारी अँटीबॉडी, तिच्यावर बीटा-गॅलॅक्टोसिडेज, आणि शेवटी हे मणी अशा खळग्यांत बसवायचे की एका खळग्यात एकच मणी मावेल. खळग्याचं आकारमान ५० फेम्टोलिटर (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा भाग). वरून तेलाचा थर दिला की प्रत्येक खळगा म्हणजे दार लावलेली खोली.

आता हिशेब बघा. हे एन्झाइम सेकंदाला शंभराच्या आसपास चमकदार रेणू तयार करतं. अर्ध्या मिनिटात ३,००० झाले असं धरा. ५० फेम्टोलिटरमध्ये ३,००० रेणू म्हणजे १०० नॅनोमोलर (मोलर हे द्रावणातल्या रेणूंच्या दाटीचं माप), साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपलाही दिसेल इतकी चमक. तेच ३,००० रेणू तुमच्या वेलमध्ये सोडले तर २०० कोटी पट विरळ होतात. एन्झाइम तेच, वेळ तोच, फरक फक्त भांड्याचा.

मग किती उजेड आहे हे मोजायचंच नाही. किती खळगे पेटले आणि किती विझलेले आहेत एवढंच मोजायचं. पेटलेल्या मण्यांचं प्रमाण कळलं की पॉयसाँच्या सूत्राने प्रति मणी सरासरी रेणू काढता येतात: विझलेल्या मण्यांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. समजा ६०,००० रेणू ५ लाख मण्यांवर बसले, तर सरासरी ०.१२ येते. साधारण ११ टक्के मणी पेटतात आणि दोन किंवा जास्त रेणू असलेले मणी एक टक्क्याहूनही कमी असतात. ६०,००० हा आकडा मी मुद्दाम घेतला. १ फेम्टोमोलर द्रावणाच्या १०० मायक्रोलिटरमध्ये तितकेच रेणू असतात. २०१० च्या त्या कामात प्रोस्टेट काढून टाकलेल्या रुग्णांच्या सीरममधलं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रोटीन) १४ फेम्टोग्रॅम प्रति मिलीपर्यंत मोजता आलं होतं. नेहमीच्या तपासणीत या रुग्णांचा निकाल 'आढळलं नाही' असा यायचा.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, म्हणून सांगते. या पद्धतीत प्रत्येक रेणू मोजला जात नाही. पाच लाख मण्यांपैकी प्रत्यक्ष खळग्यात बसून वाचले जातात ते काही हजार, फार तर वीस-पंचवीस हजार. बाकीचे वाहून जातात. ही खरं तर नमुना पाहणी आहे आणि नमुना पाहणीतली चूक तिच्यात राहतेच. १०० पेटलेले मणी मोजले तर मोजणीची चूक १० टक्के, ४०० मोजले तर ५ टक्के.

आता दुसरं कारण, जे मला खरं तर सांगायचंय. ते म्हणजे ब्लँक.

रक्तातलं अल्ब्युमिन ६०० मायक्रोमोलरच्या आसपास असतं. तुमचं प्रोटीन १ फेम्टोमोलर असेल, तर त्याच्या एका रेणूमागे अल्ब्युमिनचे सहाशे अब्ज रेणू आहेत. अँटीबॉडीने त्या सहाशे अब्जांतला एकही चुकून धरू नये, एन्झाइम मण्याला उगाच चिकटू नये, धुतल्यावर काही मागे राहू नये. यातलं काहीच शंभर टक्के जमत नाही. म्हणून नमुना न टाकताही काही मणी पेटतात. समजा २०,००० मणी वाचले आणि ब्लँकमध्ये १ टक्का, म्हणजे २०० पेटले. यातली निव्वळ योगायोगाची चढउतार २०० चं वर्गमूळ, म्हणजे १४. तिची तिप्पट ४२. नमुन्यामुळे त्याहून जास्त मणी वाढले तरच 'काहीतरी आहे' म्हणता येईल. ब्लँक ०.१ टक्क्यावर आणला, तर २० मणी पेटतात, चढउतार साडेचार, तिप्पट साधारण १३. कॅमेरा बदलला नाही, एन्झाइम बदललं नाही, आणि तिपटीने कमी रेणू ओळखता येऊ लागले. प्रत्यक्षात फायदा याहूनही मोठा असतो, कारण एका दिवसाचा ब्लँक आणि दुसऱ्या दिवसाचा ब्लँक यांतला फरकही ब्लँकच्या प्रमाणातच घटतो.

डिजिटल एलायझाचं यश माझ्या मते इथेच आहे. एक एन्झाइम पुरेसं दिसतं म्हटल्यावर दुसरी अँटीबॉडी आणि एन्झाइम दोन्ही कमी टाकता येतात. कमी टाकली की उगाच चिकटणारी संख्याही कमी होते. नेहमीच्या एलायझात सिग्नल मिळावा म्हणून आपण अभिकर्मक वाढवत जातो आणि त्याबरोबर ब्लँकही वर चढवत नेतो.

एक अनुभव सांगते. नवा अ‍ॅसे (मोजणीची चाचणी) बसवताना आमचे ब्लँक तीन आठवडे उत्तम येत होते आणि एका सोमवारी अचानक पेटू लागले. सगळे नाही, बारातले चार-पाच, आणि दर वेळी वेगळे. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बदललं, मणी बदलले, एन्झाइमची नवी कुपी उघडली, फरक नाही. शेवटी कारण सापडलं ते बाकावर. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा शुद्ध प्रोटीनचा साठा त्याच बाकावर, त्याच पिपेटने विरळ केला जात होता. आता त्या साठ्याचा एक नॅनोलिटरचा तुषार घ्या. केसाहून थोडा जाड, डोळ्याला जेमतेम दिसेल असा ठिपका. त्यात रेणू किती? २.४ कोटी. तुमचा एलायझा ज्या वेलमध्ये हात टेकतो, त्या अख्ख्या वेलमधल्या इतकेच. तो तुषार आमच्या धुण्याच्या बफरमध्ये पडला होता. तेव्हापासून स्टँडर्डचा, म्हणजे त्या शुद्ध प्रोटीनचा, साठा वेगळ्या खोलीत उघडतो, त्या पिपेटवर लाल पट्टी असते आणि ती पिपेट त्या खोलीतून बाहेर येत नाही. बफरच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या, एका दिवसाला पुरेल एवढंच भरून घेतो.

त्याहून फसवा प्रकार रुग्णाच्या रक्तातच असतो. काही माणसांच्या रक्तात अशा अँटीबॉडी असतात ज्या उंदराच्या अँटीबॉडीला धरतात. तुमची पकडणारी आणि ओळखणारी अशा दोन्ही उंदराच्या असतील, तर त्या दोघींना जोडणारा पूल त्या बांधतात. प्रोटीन नसतानाही मणी पेटतो आणि एका खऱ्या रेणूइतकाच लख्ख पेटतो. संधिवातातल्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरनेही हेच होतं. बफरचा ब्लँक कितीही स्वच्छ असला तरी हे त्यात दिसत नाही. उपाय म्हणजे नमुन्यात उंदराची साधी, कशालाच न लागणारी अँटीबॉडी मुबलक मिसळायची, म्हणजे पूल बांधणारे हात तिच्यातच गुंततात. आकडा धाडकन खाली आला, तर समजायचं की तो आकडा प्रोटीनचा नव्हता.

डीएनएच्या लोकांना यातलं बरंच सोपं जातं. डीएनएची नक्कल काढता येते, पीसीआरने एकाचे अब्ज होतात, आणि डिजिटल पीसीआरमध्ये, जी १९९९ मध्ये व्होगेलस्टीन आणि किन्झलर यांनी त्या नावाने मांडली, हेच पेटलेल्या-विझलेल्या कप्प्यांचं गणित आहे. नॅनोपोअरमध्ये तर नक्कलही लागत नाही, एकच धागा छिद्रातून सरकताना विद्युतप्रवाह बदलतो आणि त्यावरून अक्षरं वाचतात. प्रोटीनची नक्कल काढणारं एन्झाइम निसर्गात नाही. जेवढे रेणू नळीत आले तेवढ्यांवरच भागवावं लागतं.

तुम्ही 'दिसतो का' असं विचारलंत, म्हणून सरळ डोळ्यांनी बघण्याविषयीही सांगते. १९७६ मध्ये थॉमस हर्शफेल्ड यांनी एका अँटीबॉडी रेणूवर फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाचे ऐंशी ते शंभर रेणू चढवून तो रेणू मायक्रोस्कोपखाली पाहिला. रंगाचा एकच रेणू पहिल्यांदा ओळखला तो मोर्नर आणि काडोर यांनी, १९८९ मध्ये, द्रवरूप हीलियमच्या थंडीत गोठवलेल्या स्फटिकात. पुढच्याच वर्षी ओरी आणि बेर्नार यांनी त्याचा उजेड टिपला. साध्या पाण्यात, जिवंत रसायनाला मानवेल अशा तापमानात, एकेक प्रोटीन १९९५ मध्ये जपानमधल्या फुनात्सु, यानागिदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी वापरलेली टर्फ मायक्रोस्कोपी आम्हीही वापरतो. काचेतून लेझर इतका तिरका सोडायचा की तो पाण्यात न शिरता परत फिरतो. काचेला लागून शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या थरातच काय तो उजेड राहतो. वरचं सगळं पाणी अंधारात, म्हणून त्यातली गर्दी दिसत नाही. इथेही पुन्हा ब्लँकच कमी केला आहे.

अंधाऱ्या खोलीत बसून पहिल्यांदा ते ठिपके बघाल तेव्हा ओळखायचं कसं, की हा एकच रेणू आहे? ठिपक्याच्या आकारावरून नाही. प्रोटीन पाचेक नॅनोमीटरचं असतं आणि ठिपका दिसतो अडीचशेचा, कारण उजेड त्याहून बारीक एकवटत नाही. दिव्याचा उजेड दिसतो, वात दिसत नाही. खूण वेगळी आहे. एक ठिपका निवडून त्याच्या उजेडाचा काळानुसार आलेख काढा. रेघ सपाट चालते, थोडी थरथरते, कधी मध्येच क्षणभर विझून परत येते, आणि मग एका फ्रेममध्ये, एकाच पायरीत, तळाला जाते. रंगाचा रेणू जळून गेला. पाच-दहा रेणूंचा गोळा असता, तर जिना उतरावा तसा पायरीपायरीने उतरला असता. इतक्या वर्षांनीही ती एक पायरी दिसली की मला बरं वाटतं, कारण त्या क्षणापुरती शंका उरत नाही.

आणि ते वीस मिनिटांचं बघणं साधायला काच धुण्यात दीड दिवस जातो. कव्हरस्लिप आधी अ‍ॅसिटोनमध्ये, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अल्ट्रासोनिक बाथला, मग पाण्याने पुन्हा पुन्हा, मग सिलेन (काचेला थर जोडणारं रसायन), मग रात्रभर पीईजीचा थर, म्हणजे काचेला काही चिकटू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलेनची बाटली उघडली की हवेतली वाफ तिच्यात शिरते, थर गुठळ्यांचा होतो आणि कोऱ्या काचेवर चांदणं पडल्यासारखे ठिपके दिसतात. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही सिलेन छोट्या कुप्यांत, नायट्रोजन भरून, एकदाच वापरायचं म्हणून ठेवतो. कोरी काच बघितल्याशिवाय नमुन्याची काच चढवत नाही, कितीही घाई असली तरी.

आता एका रेणूवरून आजार. समजा आपलं तंत्र परिपूर्ण आहे, ब्लँक शून्य आहे. शरीरातल्या तीन लिटर प्लाझ्मात एका प्रोटीनचे ३०,००० रेणू आहेत. तुम्ही १०० मायक्रोलिटर घेतले, तर त्यात सरासरी एक रेणू येतो. पण 'सरासरी एक' म्हणजे ३७ टक्के वेळा एकही येत नाही. रेणू शरीरात आहे, यंत्र निर्दोष आहे, आणि तरी शंभरातले ३७ निकाल 'नाही' येणार. हे कुठल्याच उपकरणाने सुटत नाही, जास्त रक्त घेऊनच सुटतं.

आणि दुसरं म्हणजे बहुतेक प्रोटीन निरोगी माणसातही असतंच. हृदयाच्या ट्रोपोनिन या प्रोटीनची तपासणी 'हाय सेन्सिटिव्हिटी' म्हणवून घेण्यासाठी निदान अर्ध्या निरोगी लोकांतही ते मोजता यावं लागतं. म्हणजे सापडलं यावरून काहीच ठरत नाही. किती आहे, आणि काही तासांत किती बदललं, यावर डॉक्टर ठरवतात. संवेदनशीलतेचा खरा उपयोग तिथे आहे, छोट्या बदलावर विश्वास ठेवता येण्यात.

न्यूरोफिलामेंट लाइटचं उदाहरण मला फार जवळचं आहे. मज्जातंतू झिजले की हे प्रोटीन बाहेर पडतं. रक्तात ते सीएसएफच्या, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या मानाने चाळीसेक पटीने कमी असतं, निरोगी प्रौढात १० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास, वयाबरोबर वाढणारं. तुमचा एलायझा थांबतो तीच ही जागा. म्हणून वर्षानुवर्षं ते मोजायचं तर कंबरेत सुई घालून पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे. आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे दर काही महिन्यांनी कोण सांगणार? डिजिटल एलायझामुळे ते हातातून काढलेल्या रक्तावर आलं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एसओडी१ जनुकदोषामुळे होणाऱ्या एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी टोफर्सेन या औषधाला त्वरित मंजुरी दिली, ती रक्तातलं न्यूरोफिलामेंट घटल्याच्या आधारावर. या कामाचं चीज झालं असं मला वाटतं ते अशा ठिकाणी.

आता तुमच्या प्लेटकडे. लगेच नव्या यंत्राच्या मागे लागू नका. एक अख्खी पट्टी, १२ वेल, फक्त ब्लँकचे लावा, आणि तेही बफरचे नको, ज्यात तुमचं प्रोटीन नाही अशा प्लाझ्माचे. त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरी कमी पण विचलन मोठं असेल, तर दोष धुण्यात किंवा पिपेटमध्ये आहे. सरासरीच मोठी असेल, तर दोष रसायनात. मग एकेक गोष्ट वगळून बघा: एका पट्टीत पकडणारी अँटीबॉडी नाही, दुसरीत ओळखणारी नाही, तिसरीत फक्त स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (ओळखणाऱ्या अँटीबॉडीवरच्या बायोटिनला चिकटणारं, रंग देणारं एन्झाइम). जी वगळल्यावर रंग उतरतो ती दोषी. ओळखणारी अँटीबॉडी आणि एचआरपी अर्ध्यावर, पावावर आणून बघा. सिग्नल घटेल, पण ब्लँक त्याहून जास्त घटला तर तुम्ही जिंकलात. ब्लॉकिंगला (वेलमधली रिकामी जागा झाकायला) दूध पावडर वापरत असाल तर ती बदला, दुधात बायोटिन असतं आणि तुमचं स्ट्रेप्टॅव्हिडिन ते ओढतं. त्यानंतर प्लाझ्मात ठरावीक प्रोटीन घालून किती परत मिळतं ते तपासा, आणि एक नमुना दुप्पट-चौपट पातळ करून आकडा त्याच प्रमाणात उतरतो का बघा. उतरत नसेल तर तुम्ही मोजताय ते तुमचं प्रोटीन नाही.

अँटीबॉडीची जोडीच ढिली असेल, धुतानाच रेणू सोडून देत असेल, तर डिजिटल यंत्रही तुम्हाला वाचवणार नाही. त्या बारा वेलचे आकडे, वगळून बघितलेल्या पट्ट्यांसकट, जसेच्या तसे कळवा. सरासरी काढून नको, सुटे बारा आकडे हवेत.